सिस्टरांचा चुकलेला मेसेज

मेसेज लिहायचा झाला की आमच्या सिस्टर भिंतीला पाठ लावून उभ्या राहत आणि मोबाइल छातीशी धरत. पत्ते खेळणारा माणूसही आपली पानं इतकी जपत नसेल. आम्ही हसायचो. "हसा. माझं बोट एकदा चुकलंय," त्या म्हणायच्या.

ते खरं होतं. तेव्हा दौंडच्या आमच्या हॉस्पिटलात सगळे निरोप साध्या ग्रुपवर चालत. मी लॅबमधून दिलेल्या एका टीबीच्या रिपोर्टचा फोटो सिस्टरांनी डॉक्टरांसाठी काढला आणि घाईत तो गेला त्यांच्या गावच्या, वरवंडच्या, बचत गटाच्या ग्रुपवर. पेशंटही वरवंडचीच, वर्षापूर्वी लग्न झालेली सून. तिच्याआधी गावाला कळलं. सासूने तिचं ताट बाहेर ओट्यावर मांडलं.

नंतर हॉस्पिटलने आम्हा कर्मचाऱ्यांसाठी वेगळं अ‍ॅप आणलं. पिनशिवाय उघडत नाही, सात दिवसांनी मेसेज आपोआप पुसले जातात. आम्ही कुरकुरलो, सिस्टर सगळ्यांआधी शिकल्या. पिन इतका लपवत, की दोनदा स्वतःच विसरल्या.

पण गावभर झालेला मेसेज कुठलं अ‍ॅप पुसणार? गोळ्यांना महिना झाला, आता लागण होत नाही असं डॉक्टर म्हणाले, तशा सिस्टर दर रविवारी त्या घरी जाऊ लागल्या. ओट्यावर बसून सुनेच्याच ताटात जेवायच्या. एकदा मीही गेलो होतो. ऊन उसावर तरंगत होतं, दूरचा हायवे झोपेत घोरल्यासारखा वाजत होता.

"आत्या, या की जेवाया," सिस्टर म्हणाल्या.

"तुमचं चालू द्या," सासू चुलीपुढूनच म्हणाली.

परतताना सिस्टरांनी वळून ओट्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पोरगी बरी हुईल हो. पर माझ्यामुळं तिचं घर तुटलं, त्ये कवा बरं व्हायचं?"

गोळ्यांच्या पाचव्या महिन्यात सिस्टर गेल्या. ड्यूटीवरून येऊन आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. अ‍ॅपवरचे त्यांचे मेसेज आठवड्यात एकेक करून मावळले. दुपारी वॉर्डातला पडदा हलला की त्याच आल्यासारखं वाटे. मला फार पोरकं वाटलं.

रविवारी मी वरवंडला गेलो. सून ओट्यावर ताट घेऊन बसली होती, घास काही उचलत नव्हती.

"जेव की," मी म्हणालो.

"एकटीला जात न्हाई, दादा."

सासू पदराला हात पुसत बाहेर आली. सुनेपुढं मांडी घालून बसली आणि तिच्या ताटातली भाकरी मोडली.

"मीठ कमी पडलंय गं," एवढंच म्हणाली आणि दुसरा घास घेतला.