पिंपातली तूर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. एकदा बहिणीजवळ तोंड उघडलं होतं, नेकनूरच्या बसस्टँडवर गाडीची वाट बघताना. पण तेवढ्यात गाडी आली आणि मला सुटल्यासारखं झालं. तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून कदाचित जमेल. जमेल का?

आधी थोडं माझ्याविषयी — हे टाळणंच आहे, कळतंय मला. तरी सांगते. आमचं गाव नेकनूरच्या जवळ. आईबाप दरसाल ऊस तोडायला जायचे, आम्ही बहिणी आत्याकडे राहायचो. मी परभणीला शेतकी शिकले, आणि पुढे एका संस्थेकडून स्वयंसेवक म्हणून मलावीला गेले. आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा लहानसा देश आहे. पाऊस हुकला, पुरानं पीक नेलं, तरी गावाकडे पेरायला स्वतःचं बी असावं, यासाठी बायकांचा गट करून बी साठवायचं, असं ते काम. निघताना आई म्हणाली, "तिकडं तुरीचं वरण तर मिळल का गं तुला?" गंमत अशी की तिकडे तूरच तूर होती. नांदोलो म्हणतात तिला. मक्याच्या ओळींमधून आपल्यासारखीच उभी. पहिल्या दिवशी ती बघून मला रडू आलं होतं.

गटात एस्नात नावाची पन्नाशीची बाई होती. नवरा दक्षिण आफ्रिकेत कामाला गेलेला, परतलाच नव्हता. मुलगी वारलेली, तिची लेकरं हिच्या पदरात. तिच्या शेजारच्याच खोलीत मी राहायचे. सकाळी ती माझ्यासाठी मक्याची पेज घेऊन यायची. मी तिला 'आमाय' म्हणायचे, तिकडे आईला तसं म्हणतात. बी ठेवायच्या खोलीची किल्ली गटानं एस्नातकडे दिली होती, कारण तिच्यावर सगळ्यांचा भरवसा होता. ती किल्ली दोरीत ओवून गळ्यात घालायची. चर्चलाही तशीच जायची.

मी बायकांना शिकवलं होतं — बी पिंपात भरायचं, झाकण घट्ट बसलं की हवा नाही, हवा नाही तर कीड नाही. पेरणीपर्यंत झाकण उघडायचं नाही. उघडलं की बी गेलं. इतक्या वेळा म्हटलं मी हे, की बायका त्याला चाल लावून टाळ्या वाजवत गायला लागल्या.

पण झाकण लावण्याआधी बी खडखडीत वाळलेलं पाहिजे. ती तपासणी माझी होती. दाणा दाताखाली धरायचा. कट् करून फुटला तर वाळला.

त्या वर्षी काढणीनंतर थंडीची बारीक झिमझिम लागली. तूर अंगणात पसरायची, झाकायची, परत पसरायची. आणि दुसऱ्या दिवशी संस्थेची मोठी माणसं बघायला येणार होती. रिकामी पिंपं कशी दाखवायची? त्यांना काय वाटेल? माझ्याविषयी काय वाटेल? — हा खरा प्रश्न होता, बाकीचे नुसतेच.

मी दाणा चावला. तो फुटला नाही. दबला. दाताची खूण उमटली त्याच्यावर. दुसरा चावला, तोही तसाच. एस्नात पिंप धरून उभी होती. तिनं विचारलं, "झालं?"

मी म्हटलं, "झालं."

आम्ही दोघींनी मिळून झाकणं बसवली. पाहुणे आले, फोटो झाले, टाळ्या झाल्या.

त्यानंतरचे महिने — कसे सांगू? त्या खोलीवरून जावं लागू नये म्हणून मी मागच्या वाटेनं जायचे. ऊन चांगलं कडकडीत पडायला लागलं होतं. पिंपं उघडून बी परत वाळवता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं, तेव्हा का नाही बोललीस? मी स्वतःला समजावत राहिले, दोनच तर दाणे चावले, बाकीचे वाळलेले असतील. फोनवर आई म्हणायची, "कावून गं, बोलंना गेलीस? तब्येत बरी हाय न्हवं?" मी म्हणायचे, नेटवर्क नाही.

पेरणीच्या तोंडावर गट आंब्याखाली जमला. झाकण निघालं आणि आंबूस वास आला. तूर काळवंडून गोळे गोळे झालेली. तरी बायकांनी आशेनं मूठ मूठ बी ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलं. त्यातलं काहीच धड उगवलं नाही.

मग गावची प्रमुख, एक म्हातारी बाई, तिनं विचारलं, "झाकण कुणी उघडलं?"

समजतंय ना तुम्हाला? मीच शिकवलं होतं, उघडलं की बी गेलं. बी गेलं होतं, म्हणजे कुणीतरी उघडलं होतं. आणि किल्ली एकीच्याच गळ्यात होती.

एस्नात म्हणाली, "मी नाही." कुणीतरी पुटपुटलं, घरात लेकरं आहेत, मधले महिने उपासमारीचे असतात. प्रमुखबाई माझ्याकडे वळली. "तू शिकलेली आहेस. झाकण न उघडता बी असं होतं का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एस्नातनंही. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. तिला वाटलं, आता ही सांगेल.

मी म्हटलं, "सहसा नाही होत."

सहसा. बघा, कसा शब्द शोधला मी. उद्या कुणी धरलंच तर निसटायला फट ठेवली. एस्नातनं गळ्यातली दोरी काढली, किल्ली चटईवर ठेवली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी पेज घेऊन आली. भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुला तरी वाटतं का, मी उघडलं म्हणून?" तिची भाषा मला तोवर चांगली समजत होती. मी मात्र डोकं हलवून हसले, न समजल्यासारखी. तिनं तेच परत विचारलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, जसं लहान मुलाला विचारावं. मी पुन्हा हसले. ती गेली. त्यानंतर पेज आली नाही.

इथे थांबले असते तर — पण नाही.

परत आले तेव्हा गावानं शाल-श्रीफळ दिलं. आता मी बीड जिल्ह्यातच बायकांच्या गटांना बियाणं साठवायला शिकवते. तेलगावच्या बैठकीत बायका विचारायला लागल्या, झाकण उघडलं तर एवढं काय होतंय? आणि माझ्या तोंडून निघून गेलं — मलावीत एका बाईनं मध्येच झाकण उघडलं होतं, सगळ्या गावाचं बी गेलं. बायका चुकचुकल्या. एक आजी म्हणाली, "उपाशी आसंल ओ ती. लेकरं व्हती का तिला?"

"नातवंडं होती."

"मग कशाला बोल लावायचा बिचारीला," आजी म्हणाली, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. न केलेल्या चोरीची माफी त्यांनी एस्नातला तिथे बसून देऊन टाकली. मी पुढचा मुद्दा घेतला. त्यानंतरही ती गोष्ट मी सांगितली आहे, दुसऱ्या गावांत. बायकांच्या चांगली लक्षात राहते.

मागच्या महिन्यात तिकडचा एक सहकारी फोनवर आला. मी सगळ्यांची चौकशी केली, एकीची सोडून. त्यानंच सांगितलं — एस्नातला गटानं परत घेतलं नाही. शेवटी ती लेकरांना घेऊन गाव सोडून गेली. डोंगराकडच्या चहामळ्यात रोजानं पानं खुडते. थोरली नातही शाळा सोडून तिच्याबरोबर जाते.

मी "अरेरे" म्हटलं. मग विचारलं, तिकडे पाऊस कसा आहे?