मान डोलेपर्यंत

शांतवन दुशिंग सरांच्या वर्गात पास व्हायची रीतच न्यारी होती. छत्रपती संभाजीनगरातल्या एका कॉलेजात ते सगळ्या धर्मांचा अभ्यास शिकवायचे. बायबलचे मोठे जाणकार, जुना करार मूळ हिब्रूतून वाचणारे. पण आपापल्या धर्माची टिमकी कुणी वाजवायची नाही, असा त्यांचा दंडक होता. बोलायचं ते दुसऱ्याच्या धर्मावर, आणि ज्याचा तो धर्म, त्यानं पुढच्या बाकावर बसून ऐकायचं. त्याची मान डोलली तर पास, नाहीतर घरी जा, तयारी करा, पुन्हा या. रोज्यांवर बोलणाऱ्या गंगापूरच्या गोकुळला मुश्ताकनं असं परत पाठवलं, की वर्गानं त्याची यथेच्छ चेष्टा केली. शेवटी मुश्ताकच कंटाळून त्याला इफ्तारला घरी घेऊन गेला. त्यानंतर मात्र गोकुळ झकास बोलला.

सुलेखा त्याच वर्गातली. मुकुंदवाडीहून सायकलवर यायची, मागं बसायची, विचारल्याशिवाय तोंड उघडायची नाही. एकदा सर स्वतःच बौद्ध धम्मावर बोलले आणि नियमाप्रमाणं त्यांनी तिला पुढं बसवलं. करुणा, प्रज्ञा, निर्वाण, सगळं कसं रसाळ बोलले. बोलून झालं तसा सगळा वर्ग तिच्याकडं बघायला लागला. तिची मान काही डोलेना.

"काय राहिलं?" सरांनी विचारलं.

"सर, ह्यात माझी आजी नाय," ती कशीबशी म्हणाली. "दीक्षा घेतली अन् तिनं घरातले देव नदीला सोडले. गावानं वाळीत टाकलं, तरी मागं हटली नाय. आमचा धम्म तिच्यापासून सुरू होतो."

"मी ते मुद्दाम वगळलं," सर म्हणाले. "वर्गात कुणाला अवघड वाटू नये म्हणून. चुकलंच. पुन्हा तयारी करून येतो."

आणि खरंच आले. मधल्या दिवसांत मुकुंदवाडीला जाऊन सुलेखाच्या आजीपुढं मांडी घालून बसले, चहा प्याले, तिला बोलतं केलं. दुसऱ्या खेपेला सुलेखाची मान डोलली. पुढं तिला आयुष्यात पुष्कळ मिळालं. लासूर स्टेशनच्या कॉलेजात नोकरी लागली, संसार झाला, स्वतःचं घर झालं. पण आपली मान डोलली नाही म्हणून एवढा मोठा माणूस पुन्हा अभ्यासाला बसला, ह्याच्या तोडीचं दुसरं काही मिळालं नाही, असं ती अजून सांगते.

ते सर गेल्या महिन्यात गेले. छावणीतल्या चर्चमध्ये त्यांच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानायची, उपकारस्तुतीची सभा ठरली आणि सरांच्या पत्नी वच्छलाबाईंनी सुलेखालाच बोलायला सांगितलं. चर्चच्या मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. देव न मानणारी बाई आपल्या सरांबद्दल काय बोलणार? सुलेखालाही रात्रंदिवस तोच घोर लागला होता. सरांचं ऋण फेडायची ही एवढी एकच संधी, आणि तीच आपण वाया घालवली तर?

"आधी मला ऐकव," वच्छलाबाई म्हणाल्या होत्या. "नेम तोच."

आदल्या दिवशी दुपारी त्या मेथी निवडत बसल्या आणि सुलेखानं वाचून दाखवलं. सरांची विद्वत्ता, त्यांचं हिब्रू, त्यांचे विद्यार्थी, त्यांचे विनोद. वच्छलाबाईंची मान हलली नाही.

"समदं खरं हाय," त्या म्हणाल्या. "पण ह्यात त्यांचा देव कुठं हाय?"

"काकू, मी देव मानत नाय. अन् तुमच्या मंडळीला अवघड वाटू नये, म्हणून मी..."

बोलता बोलता तिला आठवलं, हे तर सरांचंच वाक्य.

"तू मान असं मी कुठं म्हणते?" वच्छलाबाई म्हणाल्या. "त्यांनी तरी कुठं दीक्षा घेतली व्हती? पण आले नं तुझ्या घरी."

सुलेखानं कागद बाजूला ठेवला, मेथीची जुडी पुढं ओढली आणि म्हणाली, "सांगा काकू."

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. सुलेखा उभी राहिली आणि सरळच म्हणाली, "मी देव मानत नाही. सर मानत होते. कसं मानत होते, ते मी काकूंकडून शिकून आले आहे." आपल्या शहरात नळाला पाणी कधी येईल ह्याचा नेम नाही. आलं की सर आधी डोळे मिटून आभार मानायचे. काकू ओरडायच्या, आधी हंडा लावा, मग देवाशी बोला. लोक हसले. मग तिनं दवाखान्यातलं सांगितलं. शेवटच्या दिवशी काकूंनी चमच्यानं पाणी पुढं केलं, तर सरांनी हातानं थांबवलं. डोळे मिटले. ओठ हलले. मग प्याले. कोरड पडलेल्या घशानं माणूस आधी आभार मानतो, तेव्हा तो कुणाशी बोलतो हे मला ठाऊक नाही, ती म्हणाली, पण सरांना ठाऊक होतं.

तिनं पुढच्या बाकाकडं पाहिलं. वच्छलाबाईंचे डोळे मिटलेले होते आणि मान संथपणे डोलत होती. कधीपासून, कोण जाणे.

सुलेखाला आनंदानं भरून आलं. वळून सरांना सांगावं, सर, झाले पास, असं तिच्या ओठांवर आलं, आणि सर आता नाहीत हे तिला तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं.