फॉर्मवर नसलेला तांदूळ

वनिताताईंचा फोन आला तेव्हा पार्सल बालाघाटहून निघून पंधरा तास झाले होते.

"दादा, एक सांगाचं राह्यलं. डब्यातला तांदूळ मी नवा टाकला. चिन्नोर हाये, चांगला उन्हात वाळवलेला. चिंता नका करू."

मी विचारलं, "कोणता तांदूळ?"

बालाघाटमध्ये माझं कुरिअर बुकिंगचं काउंटर आहे. त्याआधी नागपूरला बारा वर्षं कस्टम्सची कागदपत्रं तयार करण्याचं काम केलं. ज्या पार्सलची ही गोष्ट आहे, त्याचा डिक्लेरेशन फॉर्म मीच भरला होता. डिक्लेरेशन म्हणजे आत काय आहे याची लेखी कबुली. त्यावर लिहिलं होतं : फोटो काढलेली, न धुतलेली फिल्म, एक नग. खाली माझी सही.

वनिताताई किरनापूरच्या शाळेत शिकवतात. त्यांचे भाऊ राजू फोटो स्टुडिओ चालवायचे. त्यांची आई कधी फोटो काढू द्यायची नाही. एकदाच राजूंनी तिच्या मागे लागून एक रोल काढला आणि तो कॅमेऱ्यातच अडकून तुटला. काही दिवसांनी आई वारली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. उघडला तर आहे तेही जाईल, या भीतीनं राजूंनी तो कॅमेरा शेवटपर्यंत उघडला नाही. ते गेल्यावर त्यांच्या मित्रानं अंधाऱ्या खोलीत फिल्म काढून स्टीलच्या छोट्या डबीत सुटी ठेवली. इतकी जुनी फिल्म धुवायला आपल्याकडे कोणी तयार होईना. अमेरिकेतली एक लॅब तयार झाली.

न धुतलेल्या फिल्मला दोन गोष्टी मारतात. उजेड एका क्षणात. एक्स-रे हळूहळू, कारण प्रत्येक स्कॅनचा धूसरपणा आधीच्यात मिसळत जातो. एक स्कॅन मी धरून चाललो होतो. ताईंनी आणलेला मोठा डबा मात्र उघडून पाहिला नव्हता. मला उजेडाची भीती वाटली होती.

राजू आपल्या फिल्म ओल लागू नये म्हणून तांदळात ठेवायचे. ताईंनी तेच केलं : मोठ्या डब्यात तांदूळ आणि त्यात ती छोटी डबी. पण किडीच्या भीतीमुळे आपल्याकडचा तांदूळ टपालानं अमेरिकेत नेता येत नाही. तिथे सापडला असता तर पार्सल नष्ट झालं असतं.

परदेशी जाणारी पार्सलं जिथे तपासली जातात त्या नागपूरच्या हबला मी फोन लावला.

"तुमचा डबा होल्डवर हाये," सुपरवायझर म्हणाला. "स्क्रीनवर नुसते दाणे दाणे दिसून राह्यले. कस्टम्सच्या मॅडम दोन वाजता उघडतील."

"उघडू देऊ नका. पुन्हा स्कॅनही नको."

"मी कस्टम्सले थांबवू? साहेब, सही तुमची हाये."

ताईंना मी राजूंची चेंजिंग बॅग घेऊन यायला सांगितलं. ही काळ्या दुहेरी कापडाची, दोन बाह्या असलेली पिशवी असते. बाह्यांतून हात घातले की आत पूर्ण अंधारात काम करता येतं. ताई आल्या आणि आम्ही टॅक्सीनं नागपूरला निघालो. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, "उघडली असन का?" मी ड्रायव्हरला वेग वाढवायला सांगितलं.

पोहोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मोठा डबा टेबलावर उघडा होता. तांदूळ ट्रेमध्ये ओतलेला. कस्टम्सच्या मॅडमच्या हातात छोटी डबी होती आणि अंगठा झाकणाखाली.

"थांबा!" मी ओरडलो. त्या कार्यालयात कोणी ओरडत नाही.

मॅडम थांबल्या. "तुम्ही एजंट? तांदूळ डिक्लेअर काहून नाही केला?"

"मला माहीत नव्हतं."

"म्हणजे बंद डब्यावर सही करता?"

"या वेळी केली."

"एक वस्तू लपली. मग हिच्यात फिल्मच हाये, हे मी कशावरून मानू?"

ताई पुढे झाल्या. "मॅडम, माय हाये माही त्यात."

मॅडमनी डबी पटकन टेबलावर ठेवली. "अस्थी?"

"नाही हो. फोटो."

मी चेंजिंग बॅग समोर ठेवली. म्हणालो, "डोळ्यांनी बघू नका. हातांनी बघा."

मॅडमनी पिशवी उलटसुलट करून पाहिली, दोन्ही बाह्यांत डोकावल्या. "ड्यूटीत हे पण राह्यलं होतं," असं म्हणून त्यांनी हात पुसले, डबी आत ठेवली, चेन लावली आणि कोपरापर्यंत हात घातले. आत झाकण निघाल्याचा आवाज आला.

"फक्त कडेनं धरा," मी म्हणालो.

"गुळगुळीत पट्टी हाये. काठाले बारीक बारीक छिद्रं."

"हौ मॅडम, तेच," ताई म्हणाल्या.

"दुसरं काही नाही."

आता झाकण लागणं महत्त्वाचं होतं. नीट बसलं नसतं तर पिशवी उघडताच सगळं संपलं असतं, आणि ते आम्हाला लॅबच्या उत्तरापर्यंत कळलंही नसतं. मॅडमनी दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. नाही. ताईंनी माझी बाही घट्ट धरली होती. तिसऱ्या वेळी टक् झालं.

मी नवा फॉर्म भरला. सुपरवायझरसमोर डबीला चारही बाजूंनी टेप लावली. तांदूळ ताई पिशवीत घेऊन परत गेल्या.

लॅबचं उत्तर यायला दोन महिने लागले. बहुतेक फ्रेम नुसत्या राखाडी होत्या. एका फ्रेममध्ये एक म्हातारी बाई कॅमेरा अडवायला हात पुढे करते आहे. बोटांच्या फटीतून तिचा अर्धा चेहरा दिसतो. ती हसते आहे. कोपऱ्यात एका अंगठ्याचा ठसा आहे. तो राजूंचा, मित्राचा की मॅडमचा, हे लॅबला सांगता आलं नाही.

तेव्हापासून काउंटरवर मी दोन प्रश्न विचारतो. आत काय आहे? आणि ते कशात ठेवलं आहे? दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा जास्त लांब असतं. ते पूर्ण ऐकल्याशिवाय मी सही करत नाही.