इंदूबाईची ज्वारी

मले राग लवकर येते, हे आमच्या बोरी अरब गावात सगळ्यायले माहीत आहे. पण हा राग वेगळा आहे. इंदूबाई माझी मोठी जाऊ. तिचे टोंगळे, म्हणजे गुडघे, दुखतात. उठता-बसता भिंत धरावी लागते, सकाळी हाताची बोटं आवळत नाहीत, पीठ मळताना डोळ्यांत पाणी येते. आठ-नऊ वर्षं झाली, असंच चालून राह्यलं. अन् इतक्या वर्षांत तिच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या भासऱ्यायनं, पंजाबरावनं, तिले एकच औषध सांगितलं: "वय झालं, सहन कर." स्वतः तिच्याहून सहा वर्षांनी मोठे! त्यायचं वय काय शेजारच्याले झालं?

हे मी तोंडावर काहून बोलली नाही, म्हणाल. आमच्यात धाकटी जाऊ भासऱ्याशी बोलत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, अन् काही सांगायचंच असलं तं दाराआडून, तेही जाऊबाईच्या तोंडून. लग्न होऊन आली तशी मी हे पाळत होती. आतल्या आत जळत होती, पण पाळत होती.

जाऊबाई दुकानातल्या गोळ्या खायची. पोट जळायले लागलं तरी खायची, कारण ती बसली तं कापूस वेचन कोण? शेवटी मीच तिले ओढत दारव्ह्याच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण तरणी होती, पण तिनं टोंगळे दाबून पाहिले, रक्त तपासलं अन् नीट समजावून सांगितलं. दुखणं समूळ जाणार नाही, पण आवरता येते. मनानं गोळ्या खायच्या नाहीत, मी देते तेवढंच औषध. वजन कमी करा, साखरेचा चहा कमी करा. ज्वारीची भाकर, पालेभाजी, तीळ, डाळ खा. रोज चाला. उकिडवं बसून काम करू नका. अन् वेळेवर जेवा, सगळ्यायच्या मागून उरलंसुरलं नाही.

घरी येऊन जाऊबाईनं हे सांगितलं तं भासरे हसले. "भाकरीनं टोंगळे बरे होतात, तं दवाखाने कायले बांधले?"

हसा म्हणाव! जाऊबाईनं चार विटांवर फरशी ठेवून शेगडी उंच केली अन् स्टुलावर बसून स्वयंपाक करायले लागली. सकाळी चालायले निघाली. तिथंही गावाले पंचाईत. बाई रिकाम्या हातानं चालली की चौघीजणी विचारतात, "कुठं चालली वो?" मंग ती रिकामी बादली घेऊन चालायची. बादली दिसली की लोकांचं समाधान! बाईनं स्वतःच्या पायासाठी दोन पावलं चालू नये काय?

राहिली ज्वारी. आता आमच्याकडं ज्वारी पेरते कोण? जिकडं पाहा तिकडं कपाशी नाही तं सोयाबीन. पण आमची सासू कपाशीत मधूनमधून काही तासं, म्हणजे ओळी, बायायची म्हणून ठेवायची. एका तासात ज्वारी, एकात तीळ, अंबाडी, बरबटी. घरचं खाणं त्याच्यातून निघायचं. जाऊबाईनं तेच पुन्हा सुरू केलं. डोबून डोबून पेरलं, बसता येत नाही म्हणून वाकून निंदलं. त्या वर्षी घरची भाकर झाली, अंबाडीची भाजी झाली. अन् उन्हाळा लागेपर्यंत बाई भिंत न धरता उठायले लागली. दुखत होतं, नाही कशी म्हणू, पण मूठ आवळत होती. मले बोलावून मूठ दाखवली तिनं. मले तं रडूच आलं.

पुढच्या मिरगात तिनं पुन्हा तासं पेरली. भासऱ्यायनं मात्र यंदा ते चोरून विकतात ते बी आणलं. त्याच्यावर तणनाशक मारलं तरी कपाशी मरत नाही, बाकी सगळं मरते. घरात सांगितलं नाही. राखीले जाऊबाई माहेरी उमरखेडले गेलती. परत येऊन वावरात गेली अन् बांधावरच बसली. कपाशी हिरवीगार, अन् तिची सगळी तासं पिवळी पडून लोळून राह्यली.

भासऱ्यायले विचारलं तं खुशीत म्हणतात, "पंप मारला. तुझं निंदण वाचवलं. टोंगळ्याले आराम नको काय तुले?"

आराम! जिच्या भाकरीवर पंप मारला, तिलेच सांगून राह्यले आराम! बरं, माणूस कपटी नाही. त्यायले खरंच वाटलं की आपण कचरा काढला. याचाच मले जास्त राग आला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी भासरे अंगणात बैलांचे खांदे शेकत होते. वर्षभर जू ओढून दुखतात म्हणून ऊन तूप-हळद पळसाच्या पानानं चोळायची, अशी आमची रीत. किती मायेनं चोळून राह्यलते! "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या," बैलाच्या कानात म्हणून राह्यलते. तेवढ्यात जाऊबाई ऊन पाण्याचा गंज घेऊन आली. पायरीवर टोंगळा लचकला, पाणी सांडलं.

"पाहून चाल ना वो," भासरे म्हणाले. "वय झालं आता तुझं."

झालं! माझं डोकं सरकलं. मी दाराआडून सरळ अंगणात आली. पदर कुठं गेला, मले नाही माहीत.

"भासरेजी, बैलाचं वय नाही झालं काय? त्याचे खांदे दुखतात तं तुम्ही तूप चोळता, आवतण देता. त्याच्या गव्हाणीत कधी तणनाशक मारलं काय? हिच्या गव्हाणीत मारलं तुम्ही!"

भासऱ्यायच्या हातातलं पान तसंच राहिलं. मले वाटलं, आता जाऊबाई मलेच झापते. पण ती स्टूल ओढून बैलापाशी बसली. "साधना खरं बोलली," ती म्हणाली. "सोयाबीन निघालं की वरच्या तुकड्यात माझी ज्वारी. पेरायची तिफन तुम्ही हाकायची. नाही तं यंदा वेचणीले मी येत नाही."

भासऱ्यायले वाटलं, बाई दोन दिवसांत विसरन. सोयाबीन निघालं, तुकडा तसाच रिकामा. दिवाळीत कपाशी फुटून पांढरी झाली, अन् जाऊबाई खरंच घरी बसली. मीही बसली. मजूर भेटेना. शेवटी भासरे स्वतः कमरेले फडकं बांधून वेचायले गेले, अन् दुपार व्हायच्या आत वाकडे होऊन परत आले.

"कंबर धरली वो," ओट्यावर आडवे पडून कण्हत म्हणाले. "काही तरी दे."

जाऊबाईनं तव्यावरची भाकर उलटली. "वय झालं," ती म्हणाली. "सहन करा."

दुसऱ्या दिवशी भासरे कण्हतच उठले, तिफन घेऊन वरच्या तुकड्यात गेले. मंग आम्ही दोघी वेचणीले गेलो.

आता तिथं ज्वारी टोंगळ्याएवढी झाली आहे. सकाळी जाऊबाई तिकडंच चालत जाते, रिकाम्या हातानं. बादली तिनं मोरीत टाकली. मी संध्याकाळी एक चक्कर मारते. त्या तुकड्यात कोणी पंप घेऊन शिरलं, तं तो पंप मी त्याच्याच अंगावर रिकामा करीन. भासरा असला तरी.