शुद्ध बोल, मंग्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि तिला तर मी, तिनं न विचारताच, माझे झाडून सगळे गाढवपणे सांगून बसलोय. चुकीच्या लग्नात जेवून आहेर देऊन आलो होतो, तेसुद्धा. पण हे नाही. हे सांगायला गेलो की — कसं सांगू — मध्येच मासे येतात.

मासे खरेच होते. अमरावतीच्या एका हॉटेलात, हॉलच्या बाहेर, काचेच्या पेटीत. हॉलमध्ये पुण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजच्या मुलाखती होत्या. बीबीएच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेणार होते, आमच्या भागातून एकालाच. मी आणि मंग्या, दोघंही बार्शीटाकळीच्या कॉलेजातून बी.कॉम.चं पहिलं वर्ष उरकलेले, एसटीच्या एकाच सीटवर अर्धे-अर्धे बसून आलो होतो. सीट एकच, जागाही एकच. तेव्हा ते हसण्यासारखं वाटलं.

मंग्याच्या घरची भाजीची वाडी. अकोल्याच्या बाजारात तो बोलायला लागला की गिऱ्हाईक घासाघीस विसरून ऐकतच राहायचं. मी नुसता पिशवी धरून उभा. आत जाऊन तो नेहमीसारखा बोलला असता, तर? ते मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर.

आधी माझा नंबर लागला. घोकलेलं इंग्रजी दारातच सांडलं आणि तोंडातून निघालं, ‘मॅडम, मी धंदा शिकून राह्यलो.’ समोर बसलेले तिघंही हसले. पण कसे हसले? खुर्ची पुढे ओढून. मॅडम म्हणाल्या, असंच बोला, छान वाटतंय. मग काय, मी ‘मले-तुले’ची नदीच सोडली. बाहेर आलो तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते. सगळा व्हरांडा पाण्याखाली असल्यासारखा हिरवट दिसत होता.

मंग्या बूट पँटला घासत उभा होता.

‘कसं बोलाचं बे आतमंदी?’

मी माशांकडे बघत म्हणालो, ‘शुद्ध बोल.’

‘काहून? हासले काय तुले?’

‘हासले.’

बघा, त्यात खोटं काय होतं? हसले होतेच. आयुष्यात इतक्या थापा मारल्या, पण सगळ्यात मोठी थाप मारायला मला एक खरं वाक्य पुरलं.

दार नीट लागत नव्हतं. फटीतून मंग्याचा आवाज येत होता. मंग्याचा? छे, तो पाठ्यपुस्तकाचा होता. ‘माझ्या कुटुंबाचा... माझ्या कुटुंबाचा व्यवसाय...’ बाजार डोक्यावर घेणारा माणूस एकेक शब्द अंधारात चाचपडत शोधत होता. समोर मासे तोंड उघडत होते, मिटत होते. आवाज नाही. मी दार ढकलून सांगू शकलो असतो. एक पाऊल होतं. मी मासे बघत राहिलो.

जागा मला मिळाली. परतताना खिडकीची बाजूही त्यानंच मला दिली.

आता गंमत ऐका. त्या डिग्रीवर मी खातो काय? वऱ्हाडी. कंपन्या मला स्टेजवर उभं करतात, मी ‘काहून भाऊ’ म्हणतो, लोक हसतात, माल खपतो. मंग्या अकोल्यात भाजीचं दुकान चालवतो. गिऱ्हाइकाशी, हमालाशी, बायकोशी दिवसभर वऱ्हाडी. मी गेलो की मात्र उठून उभा राहतो आणि म्हणतो, ‘या, बसा. चहा घेणार ना आपण?’ मला. अर्ध्या सीटवरच्या मला. त्याला कळलंय का? कित्येकदा वाटतं, कळलंय. मग वाटतं, कळलं असतं तर बरं.

परवा गेलो तर त्याची मुलगी, पहिलीतली, काउंटरवर बसून पाय हलवत होती. म्हणाली, ‘बाबा, मले पेन्सिल पायजे.’

‘मले नाही बेटा, मला,’ मंग्या म्हणाला. ‘नाहीतर लोक हसतात. ह्या काकांनीच सांगितलं होतं मला. विचार त्यांना.’

ती पाय हलवायची थांबली आणि माझ्याकडे बघू लागली.

मी म्हटलं, हो.