गच्चीच्या दक्षिण बाजूचं ऊन

आमच्या घरी सोलर आला तो माझ्या हट्टामुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात चूक कोणाची, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.

मी एका कारखान्यात देखभाल विभागात इंजिनीयर आहे. त्या वर्षी ऊर्जाबचत सप्ताहात भाषण करायची पाळी माझ्यावर आली. "आपल्या नाशिकला एवढं लख्ख ऊन पडतं आणि आपण ते रोज फुकट घालवतो," असं मी टेबलावर हात आपटून सांगितलं. टाळ्या पडल्या. नंतर चहा घेताना स्टोअरमधल्या एका बाईंनी सहज विचारलं, "सर, तुमच्याकडे किती लिटरचा सोलर आहे?"

आमच्याकडे दोन गीझर होते. मी बिस्किट तोंडात टाकलं आणि विषय बदलला.

गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत वडिलांनी बांधलेलं आमचं घर आहे. वडील आता नाहीत. मुलगी शिकायला बाहेरगावी, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मी, बायको आणि आई. बायको कॉलेजात शिकवते, दुपारी एकला जाते आणि संध्याकाळी घरी येते. आईचं वय पंचाहत्तरच्या पुढे. घरात गीझर आल्यापासून तिनं त्याचं बटण एकदाही दाबलेलं नव्हतं. ती रोज सकाळी गच्चीवरच्या नळाला तांब्याचा हंडा लावायची, भरला की त्यावर झाकण ठेवून उन्हात सरकवायची आणि साडेअकराला वरच्या बाथरूममध्ये त्या पाण्यानं आंघोळ करायची. थंडीच्या दिवसांत मी चिडायचो.

"आई, अगं बटण दाबलं की पाच मिनिटांत पाणी तापतं."

"ऊन आहे ना," ती म्हणायची.

हा मला म्हातारपणाचा हेका वाटायचा. फुकट जाणाऱ्या उन्हावर मी वीस मिनिटं बोललो, त्यात या हंड्याचा उल्लेख नव्हता. तो मला सुचलाच नाही.

त्या बाईंच्या प्रश्नानंतर आठवड्याभरात मी सोलरवाल्याला बोलावलं. हा दिंडोरीकडचा माणूस, पन्नाशीचा, जाड मिशांचा. दुकान त्याचं, आणि बसवायलाही तो स्वतःच यायचा. गच्चीवर चढून त्यानं सूर्याकडे बघितलं, मग पाण्याच्या टाकीकडे, मग दक्षिणेच्या कठड्याकडे.

"एक नंबर जागा हाय साहेब. दिवसभर सावली नाय. दोन पॅनल इथं बसतील, मागं त्यांची टाकी."

आई मागोमाग वर आली होती. ती म्हणाली, "ती जागा माझी आहे."

सोलरवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हसून म्हणालो, "उन्हाळ्यात ती इथं कुरडया-पापड घालते. आई, आता कुठे ते करत बसतेस? सगळं विकत मिळतं. आणि बाकीची गच्ची आहे की."

"बाकीच्या गच्चीवर शेजारच्या बिल्डिंगची सावली येते दुपारपासून."

"येऊ दे ना थोडी. या उन्हाचा काहीतरी नीट उपयोग होईल."

खाली जाताना आईनं जिन्यातला दिवा बंद केला. तो मीच चालू ठेवला होता.

डिसेंबरात सोलर बसला. काळ्या पत्र्यावर काच लावलेली दोन मोठी, उतरती पॅनलं आणि त्यांच्यामागे आडवी, पांढरी टाकी. दिवसा पॅनलमध्ये पाणी तापतं, टाकीत चढतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गरम राहतं. मी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला गच्चीवर नेलं. त्र्यंबकेश्वरला निघालेले एक मावसकाका गुडघेदुखी असूनही दोन जिने चढले, कारण मी त्यांना चढायलाच लावलं. आईलाही नळाखाली बोट धरायला लावलं.

"छान आहे," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिचा हंडा पॅनलच्या सावलीतून दोन हात पूर्वेला सरकलेला दिसला.

थंडी झकास गेली. पाणी असं कढत यायचं की अर्धी बादली गार पाण्याचं विसण घालावं लागायचं. मग मार्च लागला, ऊन वाढलं, आणि पाणी कोमट यायला लागलं.

मला हे पटेना. थंडीत कढत आणि उन्हाळ्यात कोमट? सोलरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काचेवर धूळ बसली असंल साहेब, पुसून घ्या. सध्या कामं लय हायेत, पंधरा दिवसांत येतो." मी रविवारी सकाळी काच पुसली. सोमवारी पाणी कढत! मंगळवारी पुन्हा कोमट.

माणूस देखभाल विभागातला असला की त्याला वही काढल्याशिवाय राहवत नाही. मी थर्मामीटर आणला आणि रोज सकाळी नळाच्या पाण्याचं तापमान लिहायला लागलो. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. फक्त सोमवारी पाणी गरम असायचं. म्हणजे रविवारी पॅनल नीट तापत होतं, बाकीचे दिवस नाही. मग रविवारी असं वेगळं काय असतं?

दोन दिवस विचार करून मी उत्तर काढलं. रविवारी रस्त्यावर गाड्या कमी, आजूबाजूची बांधकामं बंद, म्हणून हवेत धूळ कमी. धूळ कमी, म्हणून ऊन जास्त. मला हे इतकं पटलं की मी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडे टाकले. प्रतिक्रिया जोरदार आल्या. एका निवृत्त गृहस्थांनी रस्त्यावर पाणी मारण्याची मागणी करणारं निवेदन तयार केलं आणि पहिली सही मला करायला लावली. मी केली.

जेवताना मी हा सिद्धांत बायकोला समजावून सांगितला. ती ऐकत होती. आई ताटात बघून भात कालवत होती.

"धूळ?" बायकोनं विचारलं.

"धूळच."

"असेल," ती म्हणाली, आणि मला आमटी वाढली.

एका गुरुवारी सोलरवाल्याचा फोन आला की तो जवळच आहे, बाराला येतो. मी अर्धी रजा टाकून घरी आलो. खाली आई नव्हती, बायको स्वयंपाकघरात सोऱ्या घासत होती. शेवया, चकल्या पाडतात तो पितळी सोऱ्या. त्यावरून मला काहीतरी कळायला हवं होतं. मला वाटलं, आज चकली आहे. सोलरवाला आला आणि आम्ही दोघं वर गेलो.

दोन्ही पॅनलांवर पांढऱ्या सुती साड्या ताणून बांधल्या होत्या. वरची टोकं नाडीनं लोखंडी चौकटीला, खालची टोकं विटांना. त्या साड्यांवर कुरडया होत्या. ओळीनं, सारख्या अंतरावर, एकीला दुसरी न लागता. पांढऱ्या टाकीच्या सावलीत, पाटावर, हातात कावळे हाकायची काठी घेऊन आई बसली होती.

सोलरवाला पुढे झाला, त्यानं कडेची एक कुरडई हलकेच उचलून पाहिली.

"आजी, कधी घातल्या?"

"सकाळी साडेआठला. हा ऑफिसला गेला की."

"आन् एवढ्या वाळल्या?"

"संध्याकाळपर्यंत कडक होतात. पूर्वी तीन दिवस लागायचे. खालची काच तापते ना, शिवाय उतार बरोबर सूर्याकडे आहे."

"बरोबर हाय," सोलरवाला म्हणाला. "उतार आम्ही हिशेबानंच देतो."

दोघं एकमेकांशी अशी बोलत होती, जणू मी तिथं नव्हतोच. मला राग आला. तीन आठवडे वही लिहिली होती, ग्रुपवर आकडे टाकले होते, निवेदनावर पहिली सही केली होती.

"आई, हे यंत्र आहे!" मी ओरडलो. "पाणी तापवायचं यंत्र! त्यावर साड्या टाकून कसं चालेल? निदान मला सांगायचंस तरी!"

"सांगितलं होतं," आई म्हणाली. "ती जागा माझी आहे असं सांगितलं होतं. याच्यासमोर."

सोलरवाल्यानं मान हलवली. त्याला आठवत होतं.

"तू म्हणालास, उन्हाचा काहीतरी नीट उपयोग होईल," आई पुढे म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "मग इतकी वर्षं मी इथं काय करत होते? गहू वाळवले, मिरच्या वाळवल्या, हळद वाळवली. तुझ्या मुलीला वर्षाची होईपर्यंत उन्हात तापवलेल्या पाण्यानं न्हाऊ घातलं. तू रोज बघत होतास ना?"

मी रोज बघत होतो. मी मागोमाग वर येऊन जिन्यात उभ्या असलेल्या बायकोकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"कुरडयांचा चीक शिजवून पातेलं वर कोण आणतं असं वाटलं तुम्हाला? त्या आणतात या वयात?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"अहो, मार्चमध्ये कढत पाणी हवंय कोणाला? आणि धुळीचं एवढं छान समजावून सांगत होतात."

सोलरवाला तोंड फिरवून टाकीचा व्हॉल्व्ह तपासायला लागला. व्हॉल्व्हला काही झालेलं नव्हतं.

मग आम्ही चौघंही तिथंच टेकलो. आईनं एक अर्धवट वाळलेली कुरडई सोलरवाल्याला दिली, तशी चिवट खायला त्याला आवडत होती. खाता खाता तो म्हणाला, "साहेब, माझ्या गोडाऊनला एक जुनं पॅनल पडलंय. आतल्या नळ्या गेल्या, भंगारच हाय. पन पेटी चांगली, काच चांगली. नळ्या काढून, आत जाळी लावून देतो. आजींनी त्यात घालावं. कावळं नाय, धूळ नाय."

'धूळ' हा शब्द त्यानं मुद्दाम वापरला नसावा.

"ठेवायची कुठे?" मी विचारलं.

"तुमची पॅनलं दोन फूट पश्चिमेला सरकवू. मग पूर्वेची सगळी जागा आजींची."

आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "याला विचार," ती त्याला म्हणाली. हे मला टोचायला म्हटलं होतं की खरंच विचारायला, ते कळलं नाही. मी घाईनं "हो" म्हणालो.

पुढच्या आठवड्यात त्यानं पेटी आणून बसवली. जाळीचे तीन कप्पे, वर काच, हवा खेळायला खाली आणि वर भोकं. मी दोन फूट पश्चिमेला गेलो. आईनं पहिल्या दिवशी बटाट्याचा कीस घालून पाहिला, दुपारी दोनला काच उघडून एक काडी मोडली, आणि ती कट्कन मोडल्यावर माझ्याकडे न बघता "बरं झालं" म्हणाली. मी ते माफीसारखं घेतलं. तिनं कोणाची मागितली आणि कोणाला दिली, हा तपशील मी उकरला नाही.

पाणी पुन्हा कढत यायला लागलं. वही मी बंद केली. निवेदनाचं मात्र थांबवता येईना, कारण थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ते पुढे सरकत राहिलं आणि एप्रिलमध्ये एका सकाळी खरोखरच टँकर येऊन रस्त्यावर पाणी मारून गेला. ग्रुपवर माझं अभिनंदन झालं. बायकोनं ते सगळे संदेश जेवताना मोठ्यानं वाचून दाखवले. आई त्या दिवशी जरा जास्तच जेवली.

पेटीची बातमी कशी पसरली माहीत नाही. आधी शेजारच्या काकू पाहायला आल्या, मग त्यांची बहीण, मग समोरच्या बिल्डिंगमधल्या दोघी-तिघी, ज्यांच्याकडे गच्चीच नाही. सगळ्या माझ्या पॅनलांच्या अंगावरून सरळ पेटीकडे जायच्या. एकीनं जाताना पर्स माझ्या टाकीवर ठेवली. आई त्यांना जाळी, भोकं, उतार सगळं समजावून सांगायची. टेबल नव्हतं, आणि हातही आपटत नव्हती, पण मी जिन्यातून ऐकलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे माझ्या भाषणापेक्षा बरंच चांगलं चाललंय.

आता उन्हाळाभर वार ठरलेले असतात. सोमवार-मंगळवार आमचे, बाकीचे दिवस इतरांचे. ऑफिसला जायच्या आधी त्या दिवशीचे डबे वर चढवून देणं हे माझं काम.

परवा मी घरी एकटाच होतो. लँडलाइन वाजली. पलीकडे अनोळखी बाई होत्या.

"तुमच्याकडे सोलर आहे ना?" त्यांनी विचारलं.

बऱ्याच दिवसांनी कोणीतरी विचारत होतं. मी सरसावून बसलो. "हो, आहे ना. दोनशे लिटरचा. दोन पॅनलं—"

"तसं नाही हो," त्या म्हणाल्या. "माझ्या दोन किलो मिरच्या आहेत. गुरुवारी जागा आहे का, ते आईंना विचारून सांगता?"