घागर उजव्या कमरेवर

साठ सालानंतरची गोष्ट. मी अमरावतीत बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होतो. नाल्यांवरचे पूल कागदावर उतरवायचे हे माझं काम, आणि त्याचा मला नको तेवढा ताठा होता. धाकटी बहीण जन्मापासून डाव्या खुब्यानं अधू. मास्तरीण व्हायचं ट्रेनिंग तिनं लंगडतच पुरं केलं. चांदूर बाजारच्या शाळेत जागा मिळत होती, पण दिवसभर फळ्यापुढे उभी कशी राहणार? म्हणून अकोल्याच्या डॉक्टरांनी तिच्या मांडीचं हाड वरच्या टोकाशी कापलं आणि थोडं कलतं करून पुन्हा जोडलं.

डॉक्टर हौशी माणूस. "पुलांचं गणित करता ना? मग याचंही करा," म्हणाले आणि एक्स-रेची प्लेट माझ्या हातात दिली. एका पायावर उभं राहिलं की खुबा म्हणजे तराजूची दांडी टेकते ती जागा. आतल्या बाजूला सगळं शरीर, बाहेरच्या बाजूला ते तोलून धरणारा एकटा स्नायू, आणि सांध्यावर दोघांचा भार. मी प्लेट खिडकीच्या काचेला लावून ट्रेसिंग पेपरवर खुबा उतरवला, बाण काढले, स्लाइड रूल सरकवत आकडे मांडले. कचेरीत शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "हा पूल कोन्या नाल्यावरचा हाय बे?" मला हसू आलं नाही. नव्या कोनात सांध्यावरचा भार बराच उतरत होता. डॉक्टरांनी कागद पाहून पाठ थोपटली. आठवडाभर मी हवेत होतो.

काठी सुटली, बहीण शाळेत रुजू झाली. शनिवारी घरी आली की जुन्या सवयीनं पाण्याला निघायची. नळ गल्लीच्या टोकाला. भरली घागर ती नेहमी डाव्या कमरेवर घ्यायची. आई ओरडली, "दुखऱ्या अंगावर कायले घेऊन राहिली? उजवीकडे घे." मग मला विचारलं, "काय रे, बराबर हाय ना?"

मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो, "हो, त्या पायावर वजन नकोच."

वर्षभरात तिचं लंगडणं पुन्हा वाढलं. अकोल्याला नवी प्लेट काढली. सांध्यातली फट पार बुजत आली होती, हाडावर हाड घासत होतं. डॉक्टरांनी विचारलं, "ओझं उचलते का?"

"घागर उचलते," मी म्हणालो, "पण उजवीकडून. डावीला आम्ही धक्का लागू देत नाही."

डॉक्टरांनी माझाच कागद काढला आणि पेन्सिलीनं शरीराच्या बाजूला, उजव्या कमरेवर, एक छोटी घागर काढली. पुढचं मला सांगायची गरज नव्हती. घागर डाव्या खुब्यापासून जितकी लांब, तितका डाव्या स्नायूला जोर जास्त, आणि सगळा मार खुब्यावर. ती डावीकडेच राहिली असती तर उलट स्नायूला हातभार लागला असता. मी कागदावर रिकाम्या हाताची बाई धरली होती. आमच्या घरात तशी बाई कुणी पाहिली होती? मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

उभ्यानं करायची नोकरी आता नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. मूर्तिजापूर मागे पडल्यावर मी रागानंच विचारलं, "दुखत होतं तर बोलली काहून नाही?" राग खरा कुणावर होता ते मला कळत होतं.

"तू गणित करून पाह्यलं होतं ना, दादा," ती म्हणाली. "मले वाटलं माह्यंच चालणं चुकून राहिलं. म्हणून पाणी भरून झालं तरी मी अजून एक खेप करत होती. सवय व्हावी म्हणून."